तोल आणि आधार

शरीर निरोगी असते तेव्हा ते माणसाच्या ध्यानात राहत नाही. पाय चालतात, डोळे पाहतात, हृदय आपल्या गतीने चालू असते आणि माणूस आपल्या कामात गढलेला असतो. उत्तर आयुष्यात केव्हातरी या विस्मरणाला तडा जातो. पहाटे अंथरुणावरून उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते, भिंतीचा आधार घ्यावा लागतो. तपासणीत दोन आकडे कळतात. आठ दिवसांनी तेच आकडे वेगळे निघतात. आणि ज्याला काल दाब वाढला म्हणून गोळी दिली गेली, त्याचाच दाब आज फार खाली गेल्याचे सांगण्यात येते. रक्तदाबाचे असे अवचित चढउतार वैद्यकाच्या दृष्टीने नित्याचे आहेत. ज्याच्या देहात ते घडतात त्याच्यापुढे मात्र ते औषधाने न सुटणारे काही प्रश्न उभे करतात. या देहावर आपली सत्ता कितपत होती? जे बिघडले त्यात आपला दोष किती? आणि यापुढे आपल्याविषयीचे निर्णय कोणी घ्यावयाचे?

जरा आणि व्याधी यांचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. परंतु रक्तदाब ही एक चमत्कारिक व्याधी आहे. ताप अंगाला कळतो, ठणका जिवाला कळतो. दाब वर्षानुवर्षे वाढलेला असूनही बहुधा काहीच सांगत नाही. तो कळतो यंत्राला. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्ताचा स्तंभ किती उंच चढतो हे पाहिले आणि १७३३ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १८९६ मध्ये रीवा-रोची या इटालियन वैद्याने दंडाभोवती गुंडाळावयाच्या पट्ट्याचे, पाऱ्यावर चालणारे यंत्र तयार केले. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने धमनीवर श्रवणनळी टेकवून ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब ठरविण्याची रीत सांगितली. ज्या दोन आकड्यांनी आज घरोघरच्या वृद्धांची दिनचर्या ठरते, ते माणसाला असे सहज उपलब्ध होऊन अद्याप सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. त्यांच्यासह कसे जगावे, याचा संस्कार मुरण्यास हा काळ फारच थोडा आहे.

या नव्या ज्ञानाशी एका मोठ्या जीवनाची गाठ कशी पडली, याचे उदाहरण १९२७ सालचे आहे. आणि ते मराठी मुलुखात सुरू होऊन बंगळूरला पूर्ण होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये महात्मा गांधी खादीच्या प्रचारासाठी महाराष्ट्रात हिंडत होते. वय सत्तावन्न. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात कोल्हापुरात एकामागून एक सभा झाल्या आणि त्यांचे शरीर कोलमडले. निपाणीला दौरा थांबवावा लागला. रक्तदाब वाढला आहे आणि सक्त विश्रांती न घेतल्यास मेंदूवर आघात होण्याचे भय आहे, असा डॉक्टरांचा अभिप्राय पडला. त्यांना प्रथम सावंतवाडी संस्थानातील आंबोलीला आणि नंतर म्हैसूर संस्थानातील नंदीच्या डोंगरावर हलविण्यात आले. बंगळूरपासून सुमारे साठ किलोमीटरवरच्या या डोंगरावर ते एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या आरंभापर्यंत राहिले. तेथून ते बंगळूर शहरात उतरले आणि ऑगस्टअखेरपर्यंत त्यांचा तळ मुख्यतः तेथेच राहिला.

१९२७ साली रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. थंड हवा, मित आहार, मौन आणि स्वस्थ पडून राहणे एवढेच उपाय वैद्यांच्या हाती होते. ज्याचा सारा दिवस घड्याळाच्या काट्यावर बांधलेला होता त्याच्या वाट्याला हे स्वस्थ पडणे आले. या काळात गांधींनी काम सोडले नाही. त्यांनी कामाचे प्रमाण बदलले. साप्ताहिकातून क्रमशः येणारी आत्मकथेची प्रकरणे चालूच राहिली. पत्रव्यवहार चालू राहिला. बंगळूरच्या इम्पीरिअल डेअरी संस्थेत जाऊन त्यांनी गोपालनाचे धडे घेतले, आणि तेथील अभ्यागतांच्या वहीत स्वतःची ओळख साबरमतीचा शेतकरी अशी लिहिली. सभेत हजारोंसमोर बोलणारा माणूस गोठ्यात उभा राहून गाईंच्या खाद्याविषयी प्रश्न विचारू लागला. शक्ती ओसरली म्हणजे जीवन ओसरले असे होत नाही. जीवनाला बसण्यासाठी दुसरी, लहान जागा शोधावी लागते. ती शोधण्याचे काम त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नंदीवर आणि बंगळुरात झाले.

गांधींच्या दृष्टीची दुसरी बाजूही येथे लक्षात घ्यावी लागते. आजाराकडे केवळ देहाचा अपघात म्हणून पाहणे त्यांना मान्य नव्हते. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्या’त त्यांनी डॉक्टरांवर जी कठोर टीका केली तिचे मूळ या समजुतीत होते, की माणूस असंयमाने आजार ओढवून घेतो आणि औषध त्याला त्या असंयमाच्या फळापासून सोडवून अधिकच दुर्बल करते. अशा विचाराच्या माणसाला स्वतःचा रक्तदाब हा आत्मपरीक्षेचा विषय वाटावा, यात नवल नाही. परंतु पुढील इतिहास विचार करावयास लावणारा आहे. आहार, झोप, चालणे, ब्रह्मचर्य, प्रार्थना यांत ज्याच्याइतकी शिस्त त्या काळी क्वचितच कोणी पाळली असेल, त्याचा दाब वाढतच गेला. १९४० च्या फेब्रुवारीत सेवाग्रामच्या काळातील नोंद २२० वर ११० अशी आहे. संयमाने सर्व काही साधते, असे मानणाऱ्याच्या सिद्धान्ताला त्याच्याच धमन्यांनी दिलेले हे उत्तर होय.

येथे दोष आणि दायित्व यांत भेद करणे आवश्यक ठरते. मीठ, तंबाखू, मद्य, स्थूलता आणि बैठे जीवन यांनी दाब वाढतो, हे निर्विवाद आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासाने तो वाढलेला दाब हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी कसा जोडलेला आहे, हे दाखवून दिले. तेव्हा माणसाचे स्वतःच्या देहाविषयी दायित्व आहे, आणि ते कोणत्याही वयात संपत नाही. परंतु वयोमानाने मोठ्या धमन्यांच्या भिंती ताठ होतात, आणि त्यामुळे वरचा दाब वाढत जाऊन खालचा उतरू लागतो, हे सदाचाऱ्याच्या बाबतीतही घडते. दायित्व पुढे पाहते: यापुढे काय करता येईल, असे ते विचारते. दोष मागे पाहतो आणि आरोपी शोधतो. घरात वृद्धाचा दाब वाढल्याचे कळताच ‘लोणचे खाल्ले असेल’, ‘उगाच चिंता करीत बसतात’ असे जे बोलले जाते त्यात काळजी असतेच. पण त्या काळजीने आरोपाची भाषा उसनी घेतलेली असते. ज्याच्यावर पुनःपुन्हा आरोप होतो तो लवकरच लपवू लागतो.

मुळात देहाचे जे स्थैर्य गमावल्याचे दुःख होते, ते स्थैर्य कधी होते काय, हे पाहिले पाहिजे. माणूस झोपलेला असताना उठून उभा राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाने अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पायांत आणि पोटाच्या खालच्या भागात उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, दाब घसरू लागतो आणि मेंदूचा पुरवठा उणावण्याची वेळ येते. मानेतील धमनी जेथे दुभंगते तेथे आणि महाधमनीच्या कमानीत दाबाचा ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. ती ही घसरण टिपतात, मेंदूच्या तळाशी वर्दी देतात; हृदयाचे ठोके वाढतात, पायांतील वाहिन्या आकुंचन पावतात, आणि सारे काही क्षणांत सावरते. तरुण माणूस दिवसातून कितीदा तरी असा पडता पडता सावरला जातो, आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसते. वय वाढले म्हणजे धमनीची भिंत ताठ होते, तंतूंची जाणीव मंदावते, हृदयाचा प्रतिसाद उशिरा येतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब वीस अंकांनी किंवा खालचा दहा अंकांनी उतरला तर वैद्यक त्याला व्याधी म्हणते. भरपेट जेवणानंतर, उन्हात पाणी कमी प्यायल्याने, रात्री लघवीला उठताना, दाबाच्या किंवा प्रोस्टेटवरच्या काही गोळ्यांनीही ही घसरण वाढते. झोपलेल्या अवस्थेत ज्याचा दाब जास्त असतो त्याचाच दाब उभे राहिल्यावर फार कमी होऊ शकतो. एकाच देहात एकाच सकाळी दोन्ही विकार नांदतात.

याचा तात्त्विक अर्थ मोठा आहे. तारुण्यातील स्थैर्य ही एक अखंड, अदृश्य मेहनत होती. वार्धक्याने ती दृश्य केली. म्हातारपणी तोल नव्याने जाऊ लागत नाही, तो सावरणारा उशिरा पोहोचतो. बंगळूरच्या लालबागेत सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा एक प्रचंड खडक आहे. सकाळी फिरावयास येणारे निवृत्त लोक त्याच्या उतारावर सावकाश चढतात, मध्ये थांबतात. तो खडक खऱ्या अर्थाने स्थिर आहे, कारण तो निर्जीव आहे. त्याच्यावर चढणाऱ्याचे रक्त प्रत्येक पावलागणिक चढते-उतरते, कारण तो जिवंत आहे. गीतेतील समत्वाचा आणि स्थितप्रज्ञाचा आदर्श पुष्कळदा खडकाच्या अर्थाने घेतला जातो: ज्याला काहीच हलवीत नाही तो स्थिर. देहाचा दाखला दुसराच अर्थ सुचवितो. हलणे टळत नाही. हलल्यावर परत येणे हे समत्व होय. ज्याला लगेच परत येता येत नाही त्याने थोडा वेळ थांबावे, यात कमीपणा नाही. अंथरुणावर उठून बसावे, पायांच्या पोटऱ्या आवळाव्यात, श्वास चारदोनदा घ्यावा आणि मग उभे राहावे, हा डॉक्टरांचा साधा सल्ला आहे. पूर्वी शरीर जे नकळत करी ते आता मनाने जाणून करावयाचे.

मराठी भाषेने या अवस्थांचे बारकावे फार पूर्वीच टिपून ठेवले आहेत. उठताना डोळ्यांपुढे काळोख दाटतो ती अंधारी. भोवतालचे जग फिरू लागते ती भोवळ. शुद्ध हरपण्याच्या बेतात येते ती घेरी. डोके जागेवर असूनही पाय सरळ पडत नाहीत तेव्हा तोल जातो. लोकव्यवहारात हे शब्द एकमेकांत मिसळतात हे खरे, तरी जाणत्या माणसाच्या तोंडी त्यांत फरक असतो, आणि वैद्याच्या दृष्टीने तो फरक मोलाचा असतो. पहिली बहुधा दाबाच्या घसरणीकडे बोट दाखविते, दुसरी पुष्कळदा कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाकडे. ज्याच्यापाशी हे शब्द आहेत त्याच्यापाशी आपल्या देहाचे काही ज्ञान आहे, आणि ते यंत्राने मिळणारे ज्ञान नव्हे.

हे ज्ञान कोणाला सांगावयाचे, हा प्रश्न बंगळुरात वेगळ्या रीतीने उभा राहतो. सुमारे नऊशे मीटर उंचीवरचे, सौम्य हवेचे हे शहर दीर्घकाळ पेन्शनरांचे नंदनवन म्हणून ओळखले गेले. विमाने, टेलिफोन, घड्याळे आणि विद्युत उपकरणे तयार करणाऱ्या सरकारी कारखान्यांत आयुष्य घालवून येथेच घर बांधणाऱ्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांना कानडी येत होते, शेजार होता. गेल्या तीनेक दशकांत दुसरे वृद्ध येऊ लागले. मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या व्यवसायात, म्हणून पुण्याहून, नागपूरहून, सोलापूरहून साठीनंतर आईवडील या शहरात येतात. दहाव्या मजल्यावरच्या घरात दिवसभर दोघेच; वाण्याची, रखवालदाराची, रिक्षावाल्याची भाषा अनोळखी. अशा आजींना सकाळी अंधारी आली तर ती डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो तिचे आधी हिंदीत चक्कर होते, मग इंग्रजीत आणखी काही होते, आणि अंधारी व भोवळ यांतला भेद वाटेतच गळून पडतो. उरतो तो आकडा. आकडा कोणत्याही भाषेत तोच राहतो, हे त्याचे सामर्थ्य आहे. तो कोणाच्याही अनुभवाशी बांधलेला नसतो, ही त्याची मर्यादा. २०२४ च्या उन्हाळ्यात या नंदनवनात कडक ऊन आणि पाणीटंचाई एकाच वेळी आली, तेव्हा सौम्य हवेवर विसंबणेही वृद्धांना परवडणारे राहिले नाही.

आकड्याशी माणसाचे नाते दोन टोकांना बिघडते. एका टोकाला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आहेत. १९४४ च्या मार्चमध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रूएन यांनी त्यांना तपासले तेव्हा दाब १८६ वर १०८ होता आणि हृदय थकलेले होते. ब्रूएन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तावरून असे दिसते, की रूझवेल्ट यांनी आपल्या दाबाविषयी किंवा औषधांविषयी प्रश्न विचारले नाहीत. त्याच वर्षी ते चौथ्यांदा निवडून आले. पुढील फेब्रुवारीत याल्टाला गेले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दिवशीची नोंद ३०० वर १९० अशी आहे. दुसऱ्या टोकाला, घरी यंत्र आणून दिवसातून दहादा दाब मोजणारा आजचा गृहस्थ आहे. आकडा वाढला की तो घाबरतो, घाबरला की आकडा वाढतो, आणि मोजणे हेच एक दुखणे होऊन बसते. डॉक्टरसमोर बसल्यावर पुष्कळांचा दाब घरच्यापेक्षा जास्त भरतो, हे तर सर्वमान्य आहे. न जाणणे आणि सतत जाणत राहणे, या दोहोंत माणूस आकड्यामागे लपतो. ठरल्या वेळी, पाच मिनिटे शांत बसून, आणि केव्हा केव्हा उभे राहून घेतलेल्या चारदोन नोंदी वहीत लिहाव्यात आणि वही मिटावी. ज्ञान किती हवे, याचाही एक संयम असतो. मात्र वाचा अडखळली, हातपाय लुळा पडला किंवा छातीत कळ आली तर विवेक विचार करीत बसण्यात नसून तत्काळ रुग्णालय गाठण्यात आहे.

रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा वाढलेल्या रक्तदाबावरील उपयोग पन्नास रुग्णांच्या आधारे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्या या गुणाकडे लक्ष वेधले होते. तरी जगाचे लक्ष गेले ते वकिलांच्या निबंधानंतर. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि प्रथमच असंख्य लोकांचा दाब गोळीने उतरू लागला. पण काही रुग्णांच्या बाबतीत असे दिसले, की दाबाबरोबर मनही उतरते. त्यांना खिन्नतेने घेरले. त्या खिन्नतेत औषधाचा वाटा किती, याविषयी पुढे मतभेद झाले आणि नवी औषधे आल्यावर ते मागे पडले. तरीही एक तत्त्व त्यातून कायमचे शिकण्यासारखे आहे. देहातील एक तोल साधताना दुसरा ढळू शकतो, आणि कोणता तोल अधिक महत्त्वाचा, हे केवळ पाऱ्याचा स्तंभ सांगू शकत नाही.

हाच पेच आजच्या उपचारांत अधिक सूक्ष्म रूपाने आहे. ऐंशी वर्षांवरील लोकांचाही वाढलेला दाब औषधाने उतरविल्यास मृत्यू कमी होतात, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय चाचणीने दाखविले. परंतु उभे राहिल्यावर ज्यांचा वरचा दाब १४० च्या खाली जाई, किंवा जे दुसऱ्याच्या शुश्रूषेवर अवलंबून होते, त्यांना त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्याने हृदयविकार आणि मृत्यू घटले. मात्र दाब अति उतरण्याचे आणि मूर्च्छेचे प्रसंग वाढले. म्हणजे एका पारड्यात पक्षाघात टळण्याची शक्यता आहे आणि दुसऱ्यात भोवळ, पडण्याचे भय, घराबाहेर न पडणे. ही दोन पारडी तोलावयाची कोणी? डॉक्टर शक्यता सांगू शकतो. कोणत्या भयाबरोबर जगणे सोसेल हे ज्याचे त्याने सांगावयाचे असते. बंगळूरचेच उदाहरण घ्यावयाचे तर १९७० मध्ये हृदयविकाराने कोसळल्यावर वृद्ध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी रुग्णालयात राहण्यास नकार दिला आणि आपल्या संस्थेच्या बागेच्या सान्निध्यात अखेरचे दिवस काढणे पसंत केले. प्रत्येकाने तेच करावे असा त्याचा अर्थ नाही. निवड त्यांची होती आणि ती मानली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु निवडीचा हा अधिकार एका अटीवर उभा आहे, आणि ती अट सत्याची आहे. वृद्ध माणसे आपले पडणे लपवितात, हे कोणत्याही घरातील सुनेला किंवा लेकीला ठाऊक असते. न्हाणीघरात पाय घसरला, कोपर काळेनिळे झाले. विचारल्यावर दार लागले असे सांगितले जाते. या खोट्याचे मूळ अहंकारात जितके असते त्याहून भयात अधिक असते. खरे सांगितले तर एकट्याने फिरावयास जाणे बंद होईल, बसचा प्रवास बंद होईल, स्वयंपाकघरात पाऊल टाकू देणार नाहीत, गावचे घर विकावे लागेल. आणि पडण्याला प्रतिष्ठा नाही, हेही त्यामागे असते. बंगळूरची जहागीर ज्यांच्याकडे दीर्घकाळ होती ते शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून वारले. इतिहास ते पडणे गांभीर्याने सांगतो. तेथे त्यांची समाधी आहे. घोड्यावरून पडणाऱ्याला स्मारक, आणि न्हाणीघरात पडणाऱ्याला लाज, असा भेद समाजाने केला आहे. देहाला हा भेद ठाऊक नाही. साठ-सत्तर वर्षे जमिनीच्या ओढीविरुद्ध उभा राहिलेला देह एखाद्या क्षणी तिला वश होतो, इतकेच दोन्ही ठिकाणी घडते.

म्हणून येथील नैतिक प्रश्न दोन्ही बाजूंना बांधतो. वृद्धाने खरे सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. कारण लपविलेल्या अंधारीचे फळ एकट्या त्याला भोगावे लागत नाही. मोडलेल्या खुब्याबरोबर घरातील दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्यही अंथरुणाशी बांधले जाते. पण सत्य सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, अशी व्यवस्था करणे हे धाकट्यांचे कर्तव्य आहे, आणि ते आधी येते. ज्या घरात प्रत्येक कबुलीनंतर एक स्वातंत्र्य काढून घेतले जाते, त्या घरात कबुल्या थांबतात. फिरणे बंद करण्याऐवजी बरोबर चालणे, न्हाणीघराला दांडी बसविणे, रात्री दिवा लावून ठेवणे, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेणे, जेवणानंतर घटकाभर शेजारी बसणे, ही कामे मनाईपेक्षा अधिक वेळ खातात. वेळ हीच तर या शहरात सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. त्यामुळे अनेकदा मनाईलाच प्रेमाचे नाव मिळते.

परावलंबन हा शब्द मराठी मध्यमवर्गीय मनाला फार बोचतो. कोणावर भार होऊ नये, हातपाय चालते असतानाच डोळे मिटावेत, ही प्रार्थना अनेक घरांत ऐकू येते. तिच्यातील स्वाभिमान आदरणीय आहे. तिच्यामागचे गृहीत मात्र तपासून घ्यावे लागते. स्वतःच्या बळावर उभा असलेला माणूस म्हणजे कोण? त्याच्या मानेतील काही तंतू क्षणोक्षणी त्याच्यासाठी राबत होते, त्याच्या नकळत त्याला सावरत होते. त्याने त्यांना कधी धन्यवाद दिले नाहीत, कारण ते दिसत नव्हते. आता त्यांतले काही काम मुलीच्या हाताने, शेजाऱ्याच्या खांद्याने, काठीने, भिंतीवरच्या दांडीने होऊ लागते. आधार पूर्वीही होता. तो आतला होता, आता बाहेर आला आहे. बाहेरच्या आधाराला चेहरा असतो, म्हणून तो स्वीकारणे अवघड जाते. आणि चेहरा असतो म्हणूनच त्याच्याशी कृतज्ञतेचे नाते जोडता येते, जे मानेतील धमनीशी जोडता येत नव्हते.

वार्धक्यातील हे बदल अवचित येतात असे म्हटले जाते. ते अवचित वाटतात एवढेच खरे. ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायावर भाष्य करताना ज्ञानी पुरुषाचे एक लक्षण असे सांगितले आहे, की तो तारुण्यातच येऊ घातलेल्या जरेचे चित्र डोळ्यांपुढे आणतो आणि ती येण्यापूर्वी सावध होतो. देहाच्या पडझडीचे ते वर्णन विलक्षण तपशीलवार आहे. आणि ते करणारा, परंपरेनुसार, विशीही न ओलांडलेला तरुण होता. आपल्या वाट्याला न आलेल्या अवस्थेची इतकी जवळून ओळख करून घेणे, यात वैराग्याइतकीच करुणाही आहे. आज ज्याचा तोल शाबूत आहे त्याने शेजारच्या खोलीतील वृद्धाकडे या दृष्टीने पाहिले, तर तेथे स्वतःचेच पुढील वय त्याला बसलेले दिसेल.

पहाटे अंथरुणाच्या कडेला बसून उठण्यापूर्वी थांबलेला वृद्ध काही गमावून बसला आहे, असे वरवर दिसते. आयुष्यभर जे त्याच्यासाठी नकळत केले जात होते ते तो आता जाणीवपूर्वक करीत असतो: रक्त वर चढू देत असतो, पाय जमिनीला लागू देत असतो, आणि कोणी हात पुढे केला असेल तर तो घ्यावा की नाही याचा विचार करीत असतो. तो हात त्याने निःसंकोच घ्यावा, आणि देणाऱ्याने तो घाईने ओढू नये. उत्तर आयुष्यातील रक्तदाबाचे नीतिशास्त्र बहुतांशी या एवढ्याशा व्यवहारात सामावलेले आहे.